जुनी गाडी मिस्त्रीने चालू केली, पण आरसी नाही: ती नावावर कशी करायची?

गोठ्यात धूळ खात पडलेली राजदूत किंवा आरएक्स 100 मोटारसायकल घेऊन ती नव्यासारखी करणारे गावोगावी भेटतात. इंजिन खोलून होतं, रंग होतो, सीट बसते आणि मग आरसीची, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्राची, आठवण येते. माझं कळकळीचं सांगणं आहे की क्रम उलटा ठेवा. मिस्त्रीला पैसे देण्याआधी आरटीओच्या नोंदीत आज मालक कोण आहे ते काढा. गाडी मधे तीन-चार हातांतून गेली असली तरी आरटीओ ते हात मोजत नाही. ज्याच्या नावावर नोंद, त्याचीच सही चालते. सही केलेले कोरे फॉर्म सोबत मिळाले म्हणून निश्चिंत होऊ नका. ती सही नोंदीतल्या माणसाचीच आहे का, हे आधी पाहा.

मालक शोधायला नंबर प्लेटपासून सुरुवात करा, तिच्यावरच्या आकड्यावरून आरटीओ कळतं. एमएच 27 अमरावती, 29 यवतमाळ, 30 अकोला, 32 वर्धा, 34 चंद्रपूर, 36 भंडारा. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की मालकाच्या नावाची काही अक्षरं, नोंदणीची मुदत आणि बँकेच्या कर्जाचा बोजा दिसतो. काहीच दिसलं नाही, तर नोंद बहुधा अजून आरटीओच्या जुन्या रजिस्टरमध्येच आहे. मग चेसी नंबर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेला नंबर, देऊन ती नोंद संगणकावर चढवण्यासाठी त्या कार्यालयात लेखी अर्ज करावा लागतो. गाडी चोरीची नाही ना, हे एनसीआरबीच्या, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या, डिजिटल पोलिस पोर्टलवर तपासता येतं. ते कराच.

चेसी नंबरकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. बहुतेक जुन्या गाड्यांत तो हँडलखालच्या नळीवर ठोकलेला असतो. पेंटर तिथे ग्राइंडर फिरवतो, नाहीतर पावडर कोटिंगने आकडे बुजतात. आरटीओत त्या नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा घेतात. एक आकडा जरी उमटला नाही, तरी गाडी संशयात येते. गाडी रंगाला देण्याआधी तेवढ्या जागेवर टेप लावायला सांगा, फोटो काढून ठेवा. इंजिन दुसऱ्या गाडीचं बसवलं असेल तर त्याचं बिल हवं आणि आरटीओची परवानगी हवी. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये हे स्पष्ट आहे.

मालक हयात असेल तर काम सोपं आहे. आरसी हरवल्याची पोलिस ठाण्यात नोंद करा. दुय्यम आरसीसाठी नमुना 26 मालकाच्या सहीने भरायचा. नावावर करायला नमुना 29 च्या दोन प्रती आणि नमुना 30 लागतो. सोबत आधार, पत्त्याचा पुरावा, पॅन किंवा ते नसेल तर नमुना 60, चालू विमा, पीयूसी आणि चेसीचा ठसा. बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि नमुना 35. अर्ज परिवहन पोर्टलवर भरता येतो. ‘मी गाडी कधीच विकली, आता कशाला सही?’ असं मालक म्हणाला, तर त्याला शांतपणे समजावा. गाडी त्याच्या नावावर आहे तोवर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये नवीन कुमार प्रकरणात हेच सांगितलं. सही देण्यात त्याचाही फायदा आहे.

मालक वारला असेल तर गाडी आधी वारसाच्या नावावर जाते, नमुना 31 ने. मृत्यूचा दाखला, वारस असल्याचा कागद आणि बाकी वारसांचं संमतीपत्र लागतं. एखादा भाऊ पुण्याला, बहीण आर्वीला, अशा सह्या गोळा करायला वेळ जातो. गाडीचा सौदा करतानाच त्या घरच्यांशी हे बोलून घ्या.

पंधरा वर्षं उलटली असतील तर नमुना 25 ने नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं. मोटार वाहन निरीक्षक गाडी प्रत्यक्ष पाहतो आणि पर्यावरण कर भरावा लागतो. उशिराचा दंड दुचाकीला महिन्याला 300 रुपये आहे. दहा वर्षं मुदत संपलेल्या गाडीचा हिशेब करून बघा, कधी कधी गाडीच्या किमतीपेक्षा दंड मोठा निघतो. एप्रिल 2019 आधीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेटही हवी, ती नसेल तर आरटीओतली कामं अडतात.

पांढुर्णा, बालाघाट, आदिलाबादकडून आलेली गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला), म्हणजे नमुना 28, आधी आणा. त्याशिवाय महाराष्ट्राचा नंबर मिळत नाही. भंगारातून नुसती चेसी उचलली असेल आणि तिची नोंदणी रद्द झालेली असेल, तर ती रस्त्यावर आणायचा विचार सोडा. नुसत्या प्रतिज्ञापत्राने ती कोणी नावावर करून देणार नाही, मग एजंट काहीही म्हणो. पोलिसांच्या लिलावातून घेतलेल्या गाडीला मात्र नमुना 32 चा रस्ता आहे, पण ती भंगार म्हणून विकलेली नसावी.

नवी आरसी हातात आली की विम्याचा विसर पडतो. पॉलिसीवर नाव बदलण्यासाठी हस्तांतरणापासून 14 दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करा. आरसीवर वारसदाराचं (नॉमिनीचं) नाव टाकायची सोय 2021 पासून आहे, तेही भरून घ्या. तुमच्या मुलांना त्या नमुना 31 च्या सह्या गोळा करत फिरावं लागणार नाही.