पाण्यातलं औषध: खानदेशात तपासणी मागे कशी पडली

खानदेशात कीटकनाशकाला औषधच म्हणतात. पिण्याच्या पाण्यात हे औषध शोधायला बराच उशीर झाला, आणि जे शोधायला घेतलं तेही मागच्या पिढीतलं.

गावाची तपासणी उभी राहिली ती जंतूंसाठी. टाकीत टीसीएल पावडर (ब्लीचिंग पावडर), शेवटच्या नळाला ओटी टेस्ट (क्लोरीन दाखवणारी रंगाची चाचणी), लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरलं की पाणी पास. खतातल्या नत्रापासून होणाऱ्या नायट्रेटचा धोका 1945 साली अमेरिकेतल्या आयोवात डॉ. हंटर कॉम्ली यांनी मांडला होता: विहिरीच्या पाण्यात कालवलेलं दूध पाजलेली तान्ही बाळं निळी पडत होती. आपली नायट्रेटची मर्यादा लिटरमागे 45 मिलिग्रॅम, सवलत नाही. रिपोर्टमध्ये आकडा ‘नायट्रोजन’ रूपात असेल तर तीच मर्यादा 10 होते. इथे भलेभले फसतात.

रावेर-यावलच्या केळीचा हिशेब करून पाहा. शिफारस झाडामागे 200 ग्रॅम नत्राची, म्हणजे 435 ग्रॅम युरिया. दीड बाय दीड मीटरवर हेक्टरी 4444 झाडं बसतात, म्हणजे जवळपास 890 किलो नत्र. झाड ते सगळं उचलत नाही. पाटपाण्यावर उरलेलं मुळांखाली धुपून जातं. ठिबकमधून थोडं थोडं दिलं तर गळती कमी होते.

औषधांची गोष्ट वेगळी. जेम्स लव्हलॉक यांनी 1957 च्या सुमारास इलेक्ट्रॉन कॅप्चर डिटेक्टर हे सूक्ष्म अंश टिपणारं उपकरण बनवलं आणि डीडीटी, लिंडेन, एन्डोसल्फान अशी क्लोरीनवाली औषधं अगदी सूक्ष्म प्रमाणात दिसू लागली. जे दिसलं त्याचीच मर्यादा ठरली. 2003 साली बाटलीबंद पाण्यात औषधांचे अंश सापडल्यावर बाटलीसाठी एका औषधाला लिटरमागे 0.1 मायक्रोग्रॅमची मर्यादा आली. नळाच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस 10500 मध्ये (2012), मात्र मक्यातल्या तणनाशकाला, म्हणजे अॅट्राझिनला 2 मायक्रोग्रॅमपर्यंत मुभा आहे. वीसपट! नळाचं पाणी पिणाऱ्याचं पोट काय निराळं असतं?

तोवर शेतातलं औषधच बदललं होतं. 2002 मध्ये बीटी कापूस आला, बोंडअळीच्या फवारण्या घटल्या, पण मावा-तुडतुड्यांसाठी इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक बियाण्याला चोळून आणि फवारून वापरात राहिलं. डीडीटी पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, मातीला चिकटतं. इमिडाक्लोप्रिड लिटरला सुमारे 600 मिलिग्रॅम विरघळतं. ते उष्णतेने मोडतं, म्हणून नमुना तापवून तपासणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफला नीट सापडत नाही, द्रवातच तपासणारं एलसी-एमएस यंत्र लागतं. आयएस 10500 च्या 2012 च्या यादीत त्याचं नावही नाही. गावातल्या किटवर यातलं काहीच कळत नाही.

नमुना पहिल्या मोठ्या पावसानंतर घ्या. काळ्या मातीच्या भेगांतून तेव्हा पाणी थेट खाली उतरतं. एक लिटरची तपकिरी काचेची बाटली, सॉल्व्हंटने धुतलेली, काठोकाठ भरलेली. प्लास्टिक नको, काही औषधं त्याच्या भिंतीला चिकटतात आणि रिपोर्ट खोटाच स्वच्छ येतो. क्लोरीन टाकलेलं पाणी असेल तर बाटलीत आधी सोडियम थायोसल्फेट घालावं, नाहीतर वाटेतच औषध मोडतं. बाटली 4 अंशावर ठेवून सात दिवसांच्या आत प्रयोगशाळेत काढणी (पाण्यातून औषध वेगळं करणं) व्हावी.

पिण्याच्या पाण्यातून औषध काढायचं कसं? तुरटीने गाळाला चिकटलेलं बसतं, विरघळलेलं नाही. उकळल्याने पाणी आटतं आणि नायट्रेट उलट दाट होतं. दाणेदार सक्रिय कोळसा औषधं चांगली धरतो, पण पाणी त्यात दहा-पंधरा मिनिटं राहायला हवं. ओट्यावरच्या फिल्टरमध्ये ते काही सेकंदांत निघून जातं. कोळसा औषधाने भरून गेला की पुढचं औषध गुपचूप पलीकडे जातं, चव बदलत नाही, वास येत नाही. नायट्रेटला तर तो अडवतच नाही. तिथे आरओ लागतो. आरओ बसवणारा टीडीएस मीटर (विरघळलेले क्षार मोजणारा) दाखवून खात्री देतो, पण मीटर मिलिग्रॅममध्ये मोजतो आणि औषधाची 2 मायक्रोग्रॅमची मर्यादा म्हणजे 0.002 मिलिग्रॅम.

पाच रुपयांत जार भरून देणाऱ्या आरओचं टाकाऊ पाणी कुठे जातं, हेही पाहावं. निम्मं पाणी गाळून घेतलं की उरलेल्यात नायट्रेट जवळपास दुप्पट होतं, आणि पुष्कळ ठिकाणी ती नळी विहिरीशेजारच्या कच्च्या गटारीत सोडलेली असते.