संदर्भनिर्देश

संशोधनपर लेखनात दुसऱ्याचे विधान, मत, आकडेवारी किंवा अवतरण वापरताना ते कोठून घेतले हे वाचकाला पडताळता येईल इतक्या नेमकेपणाने नोंदवण्याच्या पद्धतीस संदर्भनिर्देश म्हणतात. लेखक, शीर्षक, प्रकाशनस्थळ, वर्ष, आवृत्ती व पृष्ठांक हे त्याचे नेहमीचे घटक होत. ते तळटिपेत द्यावेत की मजकुरातच कंसात, हे विद्याशाखेनुसार ठरते.

पुण्यातील इतिहास व प्राच्यविद्या संशोधनात ही शिस्त जुनी आहे. वि. का. राजवाडे यांनी 1898 पासून प्रसिद्ध केलेल्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’मधील पत्राचा हवाला आजही खंड आणि लेखांक (खंडातील पत्राचा अनुक्रमांक) देऊन दिला जातो, कारण आवृत्ती बदलली की पृष्ठांक हलतो, लेखांक सहसा हलत नाही. पेशवे दफ्तरातील अप्रकाशित कागद असेल, तर रुमालाचा, म्हणजे कागद बांधून ठेवलेल्या कापडी गठ्ठ्याचा, क्रमांक लागतो. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने 1966 मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत श्लोकांखाली पाठभेद (निरनिराळ्या पोथ्यांतील शब्दांचे फरक) आणि ते ज्या पोथ्यांत आढळतात त्यांची संकेताक्षरे छापली आहेत. त्यामुळे संपादकाने नाकारलेला पाठही वाचकासमोर राहतो, आणि संपादकाशी मतभेद असणाऱ्यालाही त्याच पानावरून वाद घालता येतो.

जुन्या मराठी साधनांत कालगणनेचा घोटाळा वारंवार होतो. शिवराज्याभिषेकाची तिथी ज्येष्ठ शुद्ध 13, शके 1596 अशी आहे. शकात 78 मिळवून इसवी सन 1674 येतो, मात्र जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतच्या तिथींसाठी 79 मिळवावे लागतात. मुखपृष्ठावरील ‘शके 1820’ हे इसवी सन समजून उतरवले, तर ग्रंथ पाऊणशे वर्षांहून अधिक जुना ठरतो! म्हणून मूळ तिथी तशीच ठेवून शेजारी इसवी सन देणे श्रेयस्कर.

मूळ कागद न पाहता तो दुसऱ्याच्या ग्रंथातून उचलला असल्यास ‘अमुक ग्रंथात उद्धृत’ असे लिहावे; केवळ मूळ साधनाचे नाव देणे म्हणजे न केलेल्या वाचनाचे श्रेय घेणे होय, आणि मधल्या लेखकाची चूकही त्याबरोबर आपल्या नावावर येते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या वाङ्मयचौर्यविषयक विनियमांनुसार दुसऱ्याच्या लेखनाशी असलेल्या 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्यास दंड नाही, तर 60 टक्क्यांहून अधिक साम्य आढळल्यास संशोधकाची नोंदणी रद्द होऊ शकते. तथापि साम्य मोजणारी संगणकप्रणाली मुख्यतः शब्द जुळवते. इंग्रजी ग्रंथातील परिच्छेद मराठीत उतरवून आपला म्हणून दिला, तर तो तिच्या नजरेतून सहज निसटतो आणि त्या विषयाचे वाचन असलेल्या मार्गदर्शकालाच पकडावा लागतो.