एकसष्ट आधी की तेरा?

विंडोजच्या संगणकावर दुसरीकडे बसून काम करण्याची जी सोय असते, ती सहसा ३३८९ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे नेटवर्कवरच्या त्या क्रमांकाच्या दारावर, चालते. हा आकडा त्या संगणकाच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंग्जच्या वहीत, नोंदलेला असतो. समजा, ही वही आपल्याला नेटवर्कवरून वाचायची आहे आणि आपला प्रोग्राम चालतोय आयबीएमच्या मेनफ्रेम या मोठ्या संगणकावरच्या लिनक्सवर. पोर्ट विचारला, उत्तर आलं: १,०२,४२,६२,१४४.

पोर्टचा क्रमांक ६५,५३५ च्या वर जाऊच शकत नाही, तेव्हा उत्तर चुकलंय हे उघड आहे. पण हा आकडा भलताच कुठूनतरी आलेला नाही. फोडून पाहिला की त्यात आपला ३३८९ जसाच्या तसा सापडतो.

आपण दहाच्या पटीत मोजतो, तसा संगणक बाइटांमध्ये २५६ च्या पटीत मोजतो. एका बाइटमध्ये ० ते २५५ एवढंच मावतं. त्यामुळे ३३८९ लिहायचे तर १३ वेळा २५६ आणि वर ६१, असे दोन बाइट लागतात. रजिस्ट्रीत अशा आकड्याला चार बाइटांची जागा असते. विंडोज सहसा ज्यांवर चालतं ते इंटेलच्या वंशातले प्रोसेसर सगळ्यात लहान स्थान आधी ठेवतात: ६१, १३, ०, ०. मेनफ्रेम मोठं स्थान आधी ठेवतो: ०, ०, १३, ६१. विंडोजने पाठवलेले बाइट मेनफ्रेमने आपल्या सवयीने वाचले, तेव्हा ६१ जाऊन बसले सगळ्यात मोठ्या स्थानावर, जिथे एकाची किंमत १,६७,७७,२१६ होते.

लहान-आधी म्हणजे लिटल-एंडियन, मोठं-आधी म्हणजे बिग-एंडियन. संगणकशास्त्रज्ञ डॅनी कोहेन यांनी १९८० साली ही नावं संगणकक्षेत्रात आणली. गलिव्हरच्या प्रवासाच्या गोष्टीतल्या ज्या लोकांचं अंडं कुठल्या टोकाने फोडावं यावरून भांडण जुंपलं होतं, त्यांच्यावरून.

आपल्याला हा घोळ परका वाटू नये. २५ लिहिताना आपण दशक आधी लिहितो आणि वाचताना ‘पंचवीस’ म्हणत पाच आधी उच्चारतो. भास्कराचार्यांचं उदाहरण तर मला फार आवडतं. ‘लीलावती’त (११५०) परिघ काढायला ते व्यासाला ३९२७ ने गुणून १२५० ने भागायला सांगतात. श्लोकात ३९२७ येतो तो मात्र ‘भ-नंद-अग्नि’ असा. भ म्हणजे नक्षत्रं, २७, नंद ९, अग्नी ३. ‘अंकानां वामतो गतिः’, अंक डावीकडे सरकत जातात, हा संकेत ठाऊक असेल तर ३, ९, २७ अशी मांडणी होते. ठाऊक नसेल तर २७९३ हाती लागतात आणि वर्तुळ बिघडतं. यात २७ चे ७२ होत नाहीत, हे ध्यानात घ्यायला हवं. बाइटचंही तसंच आहे. उलटतो तो बाइटांचा क्रम, बाइटच्या आतला आकडा नाही. म्हणून तर चुकीच्या उत्तरातसुद्धा ६१ आणि १३ शाबूत होते.

ही चूक शोधताना माणूस सगळ्यात जास्त चकतो तो पुढच्या गोष्टीमुळे. दूरची रजिस्ट्री वाचताना मधे आरपीसी नावाची पायरी असते, म्हणजे एका संगणकाने दुसऱ्याकडून नेटवर्कवरून काम करवून घेण्याची पद्धत. पाठवणारा आपला बाइटक्रम पाकिटाच्या सुरुवातीलाच सांगून ठेवतो आणि घेणारा त्याप्रमाणे उलटापालट करून घेतो. मग घोटाळा का व्हावा? कारण या पायरीला नोंदीचा प्रकार आणि लांबी हे आकडे आहेत हे माहीत असतं, पण खुद्द नोंदीतली किंमत म्हणजे तिच्या लेखी नुसती बाइटांची रांग. आत आकडा आहे, मजकूर आहे की आणखी काही, हे तिला कळत नाही, म्हणून ती तिला हात लावत नाही. परिणाम असा, की प्रकार बरोबर, लांबी बरोबर आणि किंमत तेवढी चुकीची. लांबी बरोबर आली म्हणून लोक बाइटक्रमावरचा संशय काढून टाकतात आणि दिवसभर भलतीकडे शोधत राहतात.

मजकुराची नोंद असेल तर चूक डोळ्यांना दिसते. विंडोज सहसा एका अक्षराला दोन बाइट देतं, तेही लहान-आधी. ते उलटले की इंग्रजी अक्षरांची चिनी चिन्हं होतात आणि आपला ‘क’ कॅनडातल्या आदिवासी भाषांच्या लिपीत जाऊन पडतो. आकड्यांचं तसं नाही. ० कुठूनही वाचा, शून्यच. बंद असलेली सेटिंग्ज त्यामुळे बिनचूक वाचली जातात. चालू सेटिंग १ ऐवजी १,६७,७७,२१६ अशी येते, तरी ‘शून्य नाही ना, मग चालू’ एवढंच तपासणाऱ्या प्रोग्रामला पत्ता लागत नाही. म्हणून चाचणीसाठी १, २, ३, ४ असे चार वेगळे बाइट घ्यावेत. मोठं-आधी वाचले तर १,६९,०९,०६० येतात, लहान-आधी वाचले तर ६,७३,०५,९८५.

चूक सापडली की ‘इथे बाइट उलटे करा’ अशी एक ओळ घालण्याचा मोह होतो. मेनफ्रेमवर सगळं सुरळीत होतं आणि तोच प्रोग्राम लॅपटॉपवर बिघडतो, कारण तो आधीच लहान-आधी वाचतो, तिथे उलटायची गरजच नव्हती. खरा प्रश्न आपलं यंत्र कुठल्या जातीचं हा नसून नोंद कुठल्या क्रमात लिहिली आहे हा आहे. रजिस्ट्री ते स्वतःच सांगते: प्रकार ४ असेल तर लहान-आधी, प्रकार ५ असेल तर मोठं-आधी. आपली नोंद प्रकार ४ ची. मग पहिला बाइट घ्यायचा, त्यात दुसरा २५६ ने गुणून मिळवायचा, तिसरा ६५,५३६ ने, चौथा १,६७,७७,२१६ ने. ६१ अधिक १३ गुणिले २५६, पुढची दोन शून्यं. मेनफ्रेम असो की लॅपटॉप, उत्तर ३३८९.