क्लिफ हाऊस

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील सॅन फ्रॅन्सिस्को शहराच्या पश्चिम टोकाला, पॅसिफिक महासागरात घुसलेल्या पॉइंट लोबोस या भूशिरावरील ऐतिहासिक उपाहारगृह. त्याच्या दक्षिणेस ओशन बीच ही लांबलचक पुळण, समोर समुद्रसिंहांमुळे प्रसिद्धी पावलेले सील रॉक्स हे खडक आणि उत्तरेस सुत्रो स्नानगृहांचे अवशेष आहेत. ही वास्तू एकेकाळी ज्याच्या मालकीची होती तो अॅडॉल्फ सुत्रो मागच्या टेकडीवरील सुत्रो हाइट्स या बागबगीच्यांनी वेढलेल्या घरात राहत असे. ते घरही १९३९ मध्ये पाडण्यात आले. क्लिफ हाऊस या एकाच नावाखाली एकाच जागेवर एकामागून एक इमारती उभ्या राहिल्या व नष्ट झाल्या. म्हणून जुन्या लेखनात या नावाचा उल्लेख आला की तो कोणत्या इमारतीचा, हे आधी वर्षावरून ठरवावे लागते.

पहिली इमारत कोणती, याबद्दल मतभेद आहेत. मॉर्मन पंथाचा माजी धर्मोपदेशक व सॅन फ्रॅन्सिस्कोतील धनाढ्य व्यापारी सॅम्युएल ब्रॅनन याने १८५८ मध्ये कड्याखाली फुटलेल्या एका जहाजाचे लाकूड १,५०० डॉलरला विकत घेतले आणि त्यातून पहिले क्लिफ हाऊस बांधले, असे अनेक स्थानिक इतिहासांत व पर्यटकांसाठीच्या पुस्तिकांत सांगितले जाते. कथा सुटसुटीत आहे आणि बहुधा त्यामुळेच टिकली. तिच्या बाजूने एवढे म्हणता येईल, की गोल्डन गेट या सामुद्रधुनीच्या तोंडाशी जहाजे फुटणे त्या काळी नित्याचे होते आणि त्यांचे लाकूड बांधकामाला वापरण्यात विशेष काही नव्हते. मात्र ती सांगणारे वृत्तांत बहुतांशी उत्तरकालीन आहेत. शिवाय जवळच्या पुळणीवर सील रॉक हाऊस नावाचे दुसरे अतिथिगृह होते. दोन्ही ठिकाणांच्या आठवणी एकमेकींत मिसळल्या असण्याची शक्यता नाकारता येत नाही. कागदोपत्री अधिक भक्कम आधार १८६३ या वर्षाला आहे. त्या साली बांधलेले उपाहारगृह कॅप्टन ज्युनियस फॉस्टर याने चालवायला घेतले. १८६४ च्या उन्हाळ्यात मार्क ट्वेनने क्लिफ हाऊसला पहाटे सहलीला जाण्याच्या हौसेची वृत्तपत्रातून खिल्ली उडवली होती. तेव्हा त्या सुमारास ही सहल शहरवासीयांच्या चांगली अंगवळणी पडली असली पाहिजे. राष्ट्रीय उद्यान सेवाही गणना १८६३ पासूनच करते. ब्रॅननची इमारत आणि २००४ ची पुनर्बांधणी या दोन्ही धरल्या तर क्लिफ हाऊसची संख्या पाच होते. दोन्ही वगळल्या तर तीन उरतात. प्रस्तुत नोंदीत तीन ही संख्या ग्राह्य धरली आहे.

१८६३ चे क्लिफ हाऊस बैठे, साधे व लाकडी होते. शहर तेव्हा पूर्वेकडे उपसागराच्या काठाने वसलेले असून मधल्या पट्ट्यात वाळूचे डोंगर पसरले होते. ते ओलांडून येणाऱ्यांसाठी पॉइंट लोबोस मार्ग हा पथकराचा रस्ता तयार झाला (आजचा गिअरी बुलव्हार साधारणतः त्याच मार्गाने जातो). रस्त्यालगत घोड्यांच्या शर्यतींसाठी सुमारे दोन मैलांची धावपट्टी होती. रविवारी बग्ग्यांतून येणारा श्रीमंत वर्ग हे येथील मुख्य गिऱ्हाईक. १८६८ मध्ये इमारतीला दोन्ही अंगांनी पाखे (बाजूची दालने) जोडण्यात आले. पुढे गिऱ्हाईक बदलले व जागेची प्रतिष्ठा घसरली. १८८० च्या दशकाच्या प्रारंभी सुत्रोने ती विकत घेतली. मूळचा प्रशियातील आखेनचा सुत्रो (१८३०–९८) नेव्हाडातील कॉमस्टॉक येथील चांदीच्या खाणींमधले पाणी काढून देणाऱ्या बोगद्यामुळे ख्यातनाम झाला होता. १८९५ ते १८९७ या काळात तो सॅन फ्रॅन्सिस्कोचा महापौर होता. सामान्य माणसाला पाच सेंटच्या भाड्यात समुद्रावर येता यावे यासाठी त्याने रेल्वे कंपनीशी भांडण मांडले. या भांडणाचा त्याच्या महापौरपदाशी संबंध जोडला जातो, तो योग्यच आहे.

जानेवारी १८८७ च्या मध्यास ‘पॅरलल’ नावाचे शिडाचे जहाज ओरेगनमधील अस्टोरियाकडे निघाले. त्यावर इतर मालाबरोबर डायनामाइट होते. त्याचे वजन चाळीस टनांच्या आसपास सांगितले जाते. वारा प्रतिकूल असल्याने जहाज खडकांकडे ओढले जाऊ लागले, तेव्हा खलाशी ते सोडून गेले. मध्यरात्रीनंतर, म्हणजे १६ जानेवारीस, ते क्लिफ हाऊसच्या खालीच कड्यावर आदळून स्फोट झाला. उत्तरेकडील पाख्याची मोठी हानी झाली; मुख्य भाग मात्र दुरुस्त करण्याजोगा राहिला. डायनामाइटातून वाचलेली ही इमारत धुराड्याने घालवली. २५ डिसेंबर १८९४ रोजी, नाताळच्या दिवशी, धुराड्याच्या नळीतील दोषामुळे लागलेल्या आगीत ती संपूर्ण जळाली. पाहुण्यांच्या स्वाक्षऱ्यांची वहीही वाचवता आली नाही. तीत अमेरिकेच्या तीन राष्ट्राध्यक्षांच्या सह्या होत्या असे सांगतात.

सुत्रोने त्याच जागी उभारलेली इमारत १८९६ मध्ये खुली झाली. छायाचित्रांतून व चित्रपत्रांतून जगाला ठाऊक झालेले क्लिफ हाऊस ते हेच. त्याचे आराखडे एमिल लेम्मे व सी. जे. कॉली यांचे. फ्रेंच शातोच्या (सरदारी प्रासादाच्या) धर्तीवर तीव्र उताराची छपरे, कोपऱ्यांवर चार मनोरे, छपरातून डोकावणाऱ्या खिडक्यांच्या रांगा आणि मध्ये समुद्रसपाटीपासून सुमारे २०० फूट (६१ मी.) उंचीवरचा निरीक्षण-मनोरा अशी तिची रचना होती. खर्चाचा ७५,००० डॉलर हा आकडा प्रचलित आहे. मजल्यांबाबत मात्र लेखकांत एकमत नाही: कोणी सात म्हणतात, कोणी आठ. हा फरक मोजणी कोठून सुरू करायची यातून आलेला दिसतो. रस्त्याच्या बाजूने पाहणाऱ्याला इमारत बरीच बुटकी वाटते, कारण तिचे खालचे मजले कड्याच्या उतारावर समुद्राकडे उतरलेले होते. वरच्या बाजूला छपराच्या पोटातील माळे धरायचे की नाही, हाही प्रश्न उरतो. पुळणीवरून घेतलेल्या छायाचित्रांवर विसंबणारे साहजिकच मोठा आकडा देतात. शैलीचे नावही असेच सैल वापरले जाते. अमेरिकेत सर्रास लावले जाणारे ‘व्हिक्टोरियन’ हे विशेषण काळापुरते बरोबर आहे. आकार फ्रेंच, साहित्य मात्र कॅलिफोर्नियातील लाकूड, हे वर्णन अधिक नेमके ठरेल. आत भोजनगृहे, बैठकीची दालने, कलादालन व रत्नांचे प्रदर्शन होते. त्याच वर्षी शेजारी सुत्रो स्नानगृहे सुरू झाली. काचेच्या छताखालील सात तलावांच्या या संकुलाचा स्वतंत्र इतिहास असून तेही २६ जून १९६६ रोजी आगीत नष्ट झाले.

१८ एप्रिल १९०६ च्या भूकंपात क्लिफ हाऊस समुद्रात कोसळल्याच्या बातम्या बाहेरगावच्या काही वृत्तपत्रांत आल्या. त्या खोट्या होत्या. इमारतीचे फारसे नुकसान झाले नाही. एवढी उंच, कड्याच्या धारेवरची इमारत कशी टिकली याचे आश्चर्य व्यक्त केले जाते. परंतु भूशिराचा खडक भक्कम असून इमारतीचा सांगाडा लाकडी होता. लाकडी सांगाडा हादऱ्यात वाकतो, विटांच्या भिंतीसारखा सुटत नाही. शहराचा बराच भाग भूकंपापेक्षा नंतरच्या आगीने गेला. ती आग व्हॅन नेस मार्गाच्या आसपास अडवण्यात आली आणि मैलोगणती वाळूपलीकडच्या या भूशिरापर्यंत पोहोचलीच नाही. ज्या लाकडाने इमारत भूकंपात तारली त्यानेच दीड वर्षाच्या आत तिचा घात केला. नूतनीकरणाचे काम चालू असतानाच ७ सप्टेंबर १९०७ रोजी आग लागून ती काही तासांत भस्मसात झाली. पोकळ मनोऱ्यांच्या अशा रचनेत ज्वाळा वर चढायला वाट आयतीच मिळते आणि समुद्रवारा तिला खेळतच असतो. एकूण अकरा वर्षे उभी असलेली ही इमारत पुढच्या सर्व इमारतींपेक्षा अधिक ओळखीची आहे, याचे श्रेय तिच्या वास्तुगुणांइतकेच त्या वर्षांत भरास आलेल्या चित्रपत्रांच्या धंद्यालाही द्यावे लागेल.

सुत्रोची कन्या एमा सुत्रो मेरिट हिने तिसरी इमारत बांधवली. ती १९०९ मध्ये सुरू झाली. वास्तुशिल्पी रीड बंधू. पूर्वानुभवातून लाकूड टाळून ती पोलाद व काँक्रीटची, नवअभिजात शैलीची व बुटकी करण्यात आली. दारूबंदीच्या काळात व्यवसाय बुडून ती बराच काळ बंद होती. १९३७ मध्ये जवळच्या करमणूक उद्यानाचा चालक जॉर्ज व्हिटनी याने ती घेतली आणि पुढील दशकांत तिचे रूप इतके पालटले, की मूळ इमारत ओळखू येईनाशी झाली. १९७७ मध्ये ती राष्ट्रीय उद्यान सेवेकडे येऊन गोल्डन गेट राष्ट्रीय मनोरंजन क्षेत्राचा भाग बनली. २००४ मध्ये पूर्ण झालेल्या कामात नंतरची भर काढून १९०९ चे बाह्यरूप परत आणले गेले व उत्तरेस नवा पाखा जोडला गेला.

करोना साथीच्या वर्षात, ३१ डिसेंबर २०२० रोजी, १९७३ पासून चालवणाऱ्या कुटुंबाने येथील उपाहारगृह बंद केले. २०२१ मध्ये आतील जुन्या वस्तूंचा लिलाव झाला; वेस्टर्न नेबरहुड्स प्रोजेक्ट या स्थानिक इतिहासाच्या संस्थेने त्यांपैकी काही विकत घेऊन त्याच इमारतीत तात्पुरते प्रदर्शन भरवले. इमारतीमागच्या गच्चीवर १९४० च्या दशकात बांधलेला कॅमेरा ऑब्स्क्युरा अद्याप आहे. वरच्या फिरत्या आरशातून खालच्या वाटोळ्या पृष्ठावर समुद्राचे व सील रॉक्सचे हलते चित्र पाडणाऱ्या या खोलीची नोंद ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय सूचीत २००१ मध्ये झाली.