चिखल नगरपालिकेचा, पंचनामा तलाठ्याचा

पूर ओसरला की गल्लीत दोन सरकारं येतात. पहिलं फावडी, जेसीबी, टँकर आणि जंतुनाशक पावडर घेऊन. ते नगरपालिकेचं किंवा ग्रामपंचायतीचं. दुसरं येतं कागद आणि मोबाइल घेऊन. भिंतीवरची पाण्याची रेघ बघतं, फोटो काढतं, रेशनकार्ड मागतं. ते महसूल खात्याचं. पूरग्रस्ताला दोन्ही सारखीच, म्हणून तो आपल्या नगरसेवकालाच गाठतो आणि विचारतो, 'आमचा पंचनामा का राहिला?' नगरसेवकाच्या हातात त्यावर काहीच नसतं. फार तर तो तहसीलदारांना फोन लावतो.

ही वाटणी दीडशे वर्षांची आहे आणि तिचं मूळ पुरात नाही, दुष्काळात आहे. १८७६ ते ७८ च्या भीषण दुष्काळानंतर इंग्रज सरकारनं १८८० साली दुष्काळ आयोगाचा अहवाल घेतला आणि त्यातून दुष्काळ संहिता, म्हणजे दुष्काळात मदत कशी द्यायची याचे नियम, आले. पाठोपाठ १८८३ आणि १८८४ चे कर्जाचे दोन कायदे आले, ज्यांतून शेतकऱ्याला तगाई, म्हणजे सरकारी कर्ज, मिळे. कलेक्टर, मामलेदार, तलाठी ही मदतीची उतरंड तेव्हा बसली. मोजायचं काय, तर पीक. आणेवारी काढायची, म्हणजे पीक रुपयात किती आणे आलं याचा अंदाज बांधायचा, आणि सारा तहकूब करायचा की माफ, ते ठरवायचं. पुढे आण्याचे पैसे झाले आणि आणेवारीची पैसेवारी झाली, पण मोजणारा माणूस तोच राहिला. पूर आला तेव्हा तो याच चौकटीत बसवला गेला. शेत मोजणारं खातं आता घर मोजू लागलं. दुकान, भाड्याची खोली, शिलाई मशीन, फ्रीज यांचा विचार त्या चौकटीत मुळात नव्हताच.

शहरातलं पुनर्वसन म्हणजे काय, हे महाराष्ट्राला पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर कळलं ते १२ जुलै १९६१ ला. पानशेतचं धरण फुटलं, त्या लोंढ्यानं खडकवासलाही फोडलं आणि मुठेकाठचं जुनं पुणं दिवसाढवळ्या पाण्याखाली गेलं. खडकवासला गेल्यामुळे पुराच्या दुसऱ्याच दिवशी शहराला पिण्याच्या पाण्याची चिंता! तेव्हाचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी पुनर्वसनाचं काम सोपवलं स. गो. बर्वे यांच्यावर. ही निवड मला आजही महत्त्वाची वाटते. बर्वे सनदी अधिकारी होते आणि त्याआधी पुण्याचे महापालिका आयुक्तही राहिलेले. म्हणजे राज्याची तिजोरी आणि शहराची गटारं, दोन्हींची माहिती एकाच माणसाला होती. आधी लोखंडी पत्र्याच्या अर्धगोल निस्सेन हट उभ्या राहिल्या, मग गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर अशा वसाहती. पूरग्रस्तांच्या सहकारी गृहनिर्माण संस्थांना भाडेपट्ट्यानं जमिनी मिळाल्या. त्या मालकी हक्कानं मिळाव्यात म्हणून पूरग्रस्तांच्या पुढच्या पिढ्यांनी किती हेलपाटे घातले, हा वेगळ्याच लेखाचा विषय आहे. पण शहर नव्यानं बसवायचं असतं, नुसता हातात धनादेश ठेवून भागत नाही, एवढं तेव्हा ओळखलं गेलं होतं.

पुढच्या दशकांत ही दृष्टी राहिली नाही, निधीची व्यवस्था मात्र पक्की होत गेली. नवव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार १९९० मध्ये राज्याराज्यांत आपत्ती सहाय्य निधी आला. २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा झाल्यावर त्याची जागा राज्य आपत्ती प्रतिसाद निधीनं घेतली. महाराष्ट्रासारख्या राज्यात त्यातले ७५ टक्के केंद्राचे आणि २५ टक्के राज्याचे. पैसा कशावर किती द्यायचा याचे दर केंद्र ठरवतं. २०१५ च्या दरांनुसार पुरात गेलेल्या कपड्यांसाठी कुटुंबाला १,८०० रुपये आणि भांड्यांसाठी २,००० रुपये होते. २०२२ पासून दोन्हींना २,५०० झाले. सरकार याला नुकसानभरपाई म्हणत नाही, मदत म्हणतं. शासन निर्णयातला शब्द तर 'सानुग्रह अनुदान'. अनुग्रह म्हणजे कृपा. सगळ्या व्यवस्थेचा स्वभाव या एका शब्दात आहे.

या दरांसोबत एक अट होती: घर दोन दिवसांपेक्षा जास्त काळ पाण्यात असायला हवं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीत ती पहिल्यांदा सगळ्यांच्या तोंडी झाली. पंचगंगा हळूहळू चढते, राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांना इशारा देते, ४३ ला धोका, आणि त्या साली ती ५५ च्याही वर गेली. पाणी आठवडाभर उतरलं नाही. तरी सुरुवातीच्या आदेशात मोफत धान्य दोन दिवस बुडालेल्या घरांनाच, असं आल्यावर लोक खवळले. शेवटी राज्यानं स्वतःच्या तिजोरीतून भर घालून ग्रामीण भागात १० हजार आणि शहरी भागात १५ हजार रुपये दिले. त्यातले पाच हजार आधी रोख.

आता हीच अट चिपळूणला लावून बघा. २०२१ च्या २२ जुलैला वाशिष्ठी आणि शिव नदीचं पाणी बाजारपेठेत पहिल्या मजल्यापर्यंत चढलं आणि कोकणातल्या नद्यांच्या रीतीनं लगेच उतरलंही. घड्याळ लावलं असतं तर ४८ तास भरले नसते आणि घरात मात्र काहीच उरलं नव्हतं. त्या वेळी अट शिथिल झाली. राज्याच्या ११,५०० कोटींच्या पॅकेजमध्ये कपड्यांना पाच आणि भांड्यांना पाच असे कुटुंबाला १० हजार, दुकानदाराला नुकसानीच्या ७५ टक्के पण जास्तीत जास्त ५० हजार आणि टपरीवाल्याला जास्तीत जास्त १० हजार असे दर आले. दुकान आणि टपरी यांना असं ठळक स्थान मिळायला शेत मोजणाऱ्या व्यवस्थेला केवढी वर्षं लागली!

पंचनाम्याचं खरं भांडण मात्र दरावर कमी आणि 'कुटुंब' कोणाला म्हणायचं यावर जास्त होतं. दोन भाऊ, दोन चुली, एकच रेशनकार्ड. तलाठी म्हणणार एक कुटुंब. वरच्या खोलीत भाडेकरू, सामान त्याचं वाहून गेलं, घरपट्टी मालकाच्या नावावर. खरं तर कुणाची चूल वेगळी आणि कोण कुठे भाड्यानं राहतं, हे वॉर्डातल्या मुकादमाला आणि ग्रामपंचायतीच्या शिपायाला तोंडपाठ असतं. पण त्यांच्या शब्दाला कागदावर किंमत नाही. गावात निदान तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक एकत्र फिरतात. शहरात मात्र ऐनवेळी शिक्षकांपासून लिपिकांपर्यंत कुणालाही पथकात घेतलं जातं आणि गल्ली त्यांना नवी असते.

कायद्यानं स्थानिक संस्थांना अगदीच विसरलेलं नाही. २००५ च्या कायद्यात जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचा अध्यक्ष जिल्हाधिकारी आणि सहअध्यक्ष लोकनियुक्त प्रतिनिधी आहे. कलम ४१ मध्ये मदत आणि पुनर्वसन हे स्थानिक प्राधिकरणाचं काम म्हणून लिहिलेलंही आहे. पण ७४ व्या घटनादुरुस्तीनं नगरपालिकांना दिलेल्या १८ विषयांच्या यादीत अग्निशमन आहे, आपत्ती व्यवस्थापन नाही. काम आहे, पैसा नाही, अशी ही गत. म्हणूनच २०२१ च्या पुरानंतर चिपळूण-महाडला ठाणे, नवी मुंबई अशा महापालिकांचे सफाई कामगार आणि यंत्रं धावून गेली. ज्या नगर परिषदेनं गाव साफ करायचं ती स्वतःच चिखलात होती.

२०२५ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. राज्यांच्या राजधान्या आणि महापालिका असलेली शहरं यांसाठी नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची सोय झाली, आयुक्त त्याचे अध्यक्ष. कोल्हापूर आणि सांगली त्यात बसतात. चिपळूण आणि महाडला नगर परिषदा आहेत, त्यामुळे ही सोय त्यांच्यापर्यंत पोचत नाही. तिथे पुढच्या पुरानंतरही पथक तहसील कचेरीतूनच निघेल.