वकिलाची सनद आणि बोलण्याचं स्वातंत्र्य

कोर्टाबाहेर वकील काय बोलला याचा जाब त्याला दोन ठिकाणी द्यावा लागू शकतो. अवमान झाला असेल तर न्यायालयात आणि गैरवर्तन ठरत असेल तर बार कौन्सिलपुढे, म्हणजे वकिलांच्याच नियामक संस्थेपुढे. ही विभागणी अलीकडची. इंग्रजी अमलात जिल्ह्यातल्या वकिलांची सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, उच्च न्यायालयाच्या हाती होती आणि बॅरिस्टरांची लंडनच्या 'इन'कडे, म्हणजे बॅरिस्टर घडवणाऱ्या तिथल्या संस्थांकडे. 1909 मध्ये त्यांतल्या इनर टेंपलने क्रांतिकारक श्यामजी कृष्णवर्मांचं नाव कमी केलं, ते लंडनच्या 'टाइम्स'मध्ये छापून आलेल्या त्यांच्या पत्रांवरून. त्याच वर्षी ग्रेज इनने सावरकरांना परीक्षा देऊनही बॅरिस्टर करून घेतलं नाही.

मुंबई उच्च न्यायालयापुढचं 1919चं प्रकरण मात्र आजही मुळातून वाचावं असं आहे. अहमदाबादच्या काही वकिलांनी रौलट कायद्यांविरुद्धच्या प्रतिज्ञेवर सह्या केल्या. तिथले जिल्हा न्यायाधीश केनेडी यांनी त्यांच्याबद्दल उच्च न्यायालयाला लिहिलं. खरी अडचण प्रतिज्ञेच्या शब्दांत होती. रौलट कायद्यांखेरीज पुढे नेमायची समिती सांगेल ते कायदेही मोडू, असं तीत म्हटलं होतं. ते कोणते, हे सही करणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. न्यायालयाने सनदा काढल्या नाहीत, ताकीद दिली.

हे चालू असतानाच गांधीजींनी केनेडींचं पत्र 'यंग इंडिया'त टीकेसह छापलं. त्यावरून अवमानाचं प्रकरण झालं; माफी मागायला त्यांनी नकार दिला. मार्च 1920 मध्ये त्यांना आणि प्रकाशक महादेव देसाईंना न्यायालयाने कडक समज दिली. राजद्रोहाच्या शिक्षेनंतर 1922 मध्ये इनर टेंपलने गांधीजींचंही नाव काढलं. ते परत घातलं 1988 मध्ये.

1961च्या अधिवक्ता कायद्याने सनद व्यवसायाच्याच हाती दिली. कलम 35 खाली तक्रार राज्य बार कौन्सिलकडे जाते, तिथून तीन सदस्यांच्या शिस्त समितीकडे. समज, ठरावीक मुदतीची बंदी किंवा नाव कमी करणं, या शिक्षा. 60 दिवसांत बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे अपील, पुढे तेवढ्याच मुदतीत सर्वोच्च न्यायालयात. तरी 1995 मध्ये वकील विनयचंद्र मिश्र यांना सर्वोच्च न्यायालयाने अवमानाची शिक्षा म्हणून थेट तीन वर्षं वकिली बंद केली. 1998 मध्ये घटनापीठाने ही वाट बंद केली: अवमानाला अवमानाचीच शिक्षा, सनदेचा निर्णय बार कौन्सिलचा. माझ्या मते वकिलाच्या बोलण्याला मिळालेलं हे सगळ्यात भक्कम संरक्षण, कारण दुखावलेला आणि पोट बंद करणारा एकच राहत नाही.

जून 2021 मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने नेमकी हीच रेघ पुसली. न्यायालयाबरोबरच खुद्द बार कौन्सिलवर माध्यमांत केलेली मानहानिकारक टीकाही गैरवर्तन ठरवणारे नियम राजपत्रात आले. अधिवक्ता कायद्याच्या कलम 49 नुसार व्यावसायिक आचाराच्या नियमांना सरन्यायाधीशांची मान्यता लागते. या नियमांवरचा वाद न्यायालयात गेला आणि कौन्सिलने नियमांचा अंमल थांबवला.