मान वाकडी करून मोजलेले तारे

"उत्तर मुकुटातला टी तारा आज रात्री फुटणार!" (उत्तर मुकुट हा एक तारकासमूह) हा फॉरवर्ड 2024 पासून अधूनमधून येतोच आहे. हल्ली खाली राशिभविष्यही असतं. त्या ताऱ्याचा आज दिसणारा प्रकाश सुमारे 3,000 वर्षांपूर्वी निघालाय. तुमची रास त्याला कळवली कोणी?

तारा मात्र खरा आहे. तिथला श्वेत बटू, म्हणजे मेलेल्या ताऱ्याचा छोटा, घट्ट गाभा, शेजारच्या तांबड्या राक्षसी ताऱ्याचा वायू ओढतो आणि साठा पुरेसा झाला की भडका उडतो. 1866 आणि 1946 मध्ये तो उडाला. एरवी दहाव्या प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचा आकडा, लहान तितकं तेज जास्त), नुसत्या डोळ्यांना न दिसणारा हा तारा तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीपर्यंत चढला. 1946 च्या आधी वर्षभर तो मंदावला होता. तसंच पुन्हा दिसलं म्हणून ही भाकितं. 1946 च्या आधीचं ते मंदावणं टिपणाऱ्यांत होता ओहायोचा शेतकरी लेस्ली पेल्टिअर. स्ट्रॉबेरी खुडून जमवलेल्या 18 डॉलरांत त्याने दुर्बीण घेतली आणि 1918 पासून रूपविकारी, म्हणजे तेज कमीजास्त होणाऱ्या, ताऱ्यांचं तेज मोजायला लागला.

तेज मोजायचं कशाने? डोळ्याने. नकाशात आजूबाजूच्या स्थिर ताऱ्यांच्या प्रती छापलेल्या असतात: 98, 102. म्हणजे 9.8 आणि 10.2, दशांशचिन्ह गाळतात, कारण तो टिंब तारा वाटेल! आपला तारा दोघांच्या बरोबर मधला वाटला तर 10.0 लिहायचं. सोपं वाटतं ना? पण अंधारात काम करणाऱ्या दंडपेशींना तांबडा रंग जवळजवळ दिसतच नाही, तो शंकूपेशींना दिसतो. लालसर ताऱ्याकडे टक लावली की तो उगाच तेजस्वी वाटायला लागतो. म्हणून ओझरतं पाहायचं. शिवाय दोन ताऱ्यांपैकी कुठला वर, कुठला खाली यानेही अंदाज चुकतो. मग मान वाकडी करून दोघांना डोळ्यांच्या रेषेत आणायचं. एवढं करून दशांशाची एखादी चूक राहतेच. (लुकलुकणं हिशेबात धरू नका, ते आपल्या हवेचं.)

पेल्टिअरने 1920 पासून या टी ताऱ्यावर नजर ठेवली होती. फेब्रुवारी 1946 मधल्या एका रात्री अडीचच्या गजराने तो उठला. आकाश स्वच्छ होतं, पण सर्दी होणारसं वाटलं म्हणून पुन्हा झोपला. भडका त्याच रात्री उडाला.

1980 मध्ये तो गेला, तोवर त्याच्या नोंदी 1,32,000 च्या वर गेल्या होत्या. त्यात ती एक नाही.